नववा रकाना

लालबाग
९ जानेवारी २०२५

प्रिय आत्या,

वाकून नमस्कार. नोकरी लागल्याचं फोनवर सांगितलं तर तू ते धरत नाहीस, म्हणून हे पत्र. लालबाग ते गिरगाव मी दीड तासात चालत आले असते. ही बातमी तीन दिवसांत पोचेल. पण बत्तीस वर्षं टपालखात्यात काढलेल्या बाईशी वाद कोण घालणार?

आमची संस्था शहरातल्या बागा, मैदानं, पदपथ सगळ्यांसाठी सुरक्षित आहेत का, तिथे सगळ्यांना मोकळेपणानं वावरता येतं का, ते तपासते. मला लालबागमधली एका टॉवरच्या मागची बाग मिळाली आहे. रोज दुपारी तीन ते सहा तिथे बसायचं आणि फॉर्म भरायचा. दिवे किती, त्यांतले लागणारे किती, स्वच्छतागृहाला आतून कडी आहे का, बसलेल्या बायका किती, पुरुष किती. असे नऊ रकाने. नववा आहे ‘संशयास्पद व्यक्ती (असल्यास वर्णन)’. तुझ्या घरामागची मुलांची बाग मी मागितली होती, पण ओळखीची जागा द्यायची नाही असा नियम आहे. ती यशोधन नावाच्या माझ्या सहकाऱ्याला मिळाली.

अडचण अशी, की मला बागेत बसता येत नाही. चौथीपर्यंत तू मला शाळेत न पाठवता, नोकरी सांभाळून आपल्या चाळीच्या गॅलरीत शिकवलंस. त्या शाळेचा पहिला धडा मी अजून विसरलेली नाही: बाहेर पडलेल्या बाईच्या हातात काम दिसलं पाहिजे, रिकाम्या हाताच्या बाईला जग प्रश्न विचारतं. म्हणून पहिल्याच दिवशी मी वाटेत एक दुधी विकत घेतला. तो पिशवीतून अर्धा बाहेर काढून मांडीवर ठेवला की, बाजारातून परतताना जरा टेकले आहे, असं दिसतं. आज चौथा दिवस. दुधी तोच आहे.

दुसरी अडचण सात नंबरच्या बाकावर आहे. साठीचा एक माणूस, खाकी पँट, पावणेतीनला येतो (मी अर्धा तास आधीच पोचते) आणि चप्पल उशाला घेऊन आडवा होतो. तो झोपलेला वाटतो, पण त्याच्या पापण्या हलतात. काल मी पाहत असताना त्यानं एक डोळा किंचित उघडला आणि पटकन मिटला. मला भीती वाटली. आता हे नवव्या रकान्यात लिहू की नको? लिहिलं आणि तो निर्दोष असला तर? नाही लिहिलं आणि उद्या कुणाला काही झालं तर? रात्री दोनदा उठून फॉर्म पाहिला. माझी खोलीतली मैत्रीण नम्रता म्हणते, त्याच्यापेक्षा तूच जास्त संशयास्पद आहेस.

तुझा गुडघा कसा आहे?

तुझी
इरा

~

गिरगाव
१३ जानेवारी

चिरंजीव इरा,

नोकरीबद्दल आनंद. अक्षर बिघडलं आहे.

एकच दुधी चार दिवस वापरायचा नसतो. दोन दिवसांत त्याचं देठ सुकतं आणि ते लोकांच्या लक्षात येतं. पालेभाजी तर मुळीच नको, ती तासाभरात मान टाकते. सुरण घे. सुरण आठवडाभर तोंड पाडत नाही.

त्या माणसाचं म्हणशील तर मी टपालात जे शिकले ते सांगते. पाकिटात काय असेल याचा आपण विचार करायचा नाही. वर लिहिलंय ते वाचायचं आणि योग्य खणात टाकायचं. तुला रकाना दिला आहे, दिसलं ते लिही. खोटं नसलं म्हणजे झालं. पुढचं बघायला मोठी माणसं आहेत.

गुडघा आहे तसाच. गॅलरीपलीकडे जात नाही. उद्या संक्रांत, तिळगूळ पोस्टानं पाठवत नाही, डबा फुटतो. सवडीनं ये, पण दुपारी चार ते सहा येऊ नकोस, त्या वेळी मी पडलेली असते.

तो यशोधन दिसायला कसा आहे? उंच आहे का? चष्मा लावतो?

आशीर्वाद.
सरोजिनीआत्या

~

लालबाग
२१ जानेवारी

प्रिय आत्या,

तू सांगितलंस तसं दिसलं ते लिहिलं. आधीचे दिवस धरून, सुट्ट्या वगळून अकरा दिवस, रोज तेच: ‘पुरुष, वय अंदाजे साठ, खाकी पँट, बाक क्र. ७, वेळ २.४५ ते ५.३०. झोपल्यासारखा दिसतो, परंतु झोपलेला नसावा.’ काल उद्यान समितीची बैठक झाली. समितीचे सचिव हितेंद्र म्हणून आहेत, टॉवरमध्ये एकोणिसाव्या मजल्यावर राहतात, गळ्यात शिट्टी घालून फिरतात. त्यांनी माझा फॉर्म सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचला. ‘झोपलेला नसावा’ हे त्यांनी दोनदा वाचलं. मग म्हणाले, बघा, आम्ही इतकी वर्षं तोंडी सांगत होतो, आता कागदावर आलं.

ठरलं असं, की चौदाही बाकांच्या मध्ये दोन-दोन लोखंडी दांडे बसवायचे. म्हणजे बसता येईल, आडवं होता येणार नाही. मी हात वर करून विचारलं, की आधी त्या माणसाशी कुणी बोललं आहे का? हितेंद्र म्हणाले, “मॅडम, आम्ही तुमच्याच डेटावर चाललोय.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या कामाला आयुष्यात पहिल्यांदाच टाळ्या मिळाल्या, आणि मी वर केलेला हात खाली घ्यायला विसरले. तो अभिमानानं वर राहिला की आणखी कशानं, ते कळत नाही.

यशोधनची चौकशी तू का करतेस ते मला कळतं. तसं काही नाही. तो उंच आहे, चष्मा आहे, पण तो डब्यात रोज उकडलेले चणे आणतो आणि मोजून खातो.

नम्रताची बहीण गुडघ्यांचे व्यायाम शिकवते. तिला तुझ्याकडे पाठवू? दिवसभर गॅलरीत एकटी बसून राहतेस, मला झोप लागत नाही.

तुझी
इरा

~

गिरगाव
२५ जानेवारी

चिरंजीव इरा,

व्यायामवाली नको. मी काही एकटी नसते.

तुझं पत्र तीनदा वाचलं. पापण्या हलतात, हे तुला दिसलं. तो झोपलेला नसावा, हे तुला वाटलं. दोन्ही एकाच ओळीत घालून तू एकाच खणात टाकलंस. पण तुला रागावायला लेखणी उचलली तेव्हा आठवलं, की पाकिटातलं बघू नकोस, मोठी माणसं बघतील, असं मीच लिहिलं होतं. मोठी माणसं म्हणजे शिट्टीवाले, हे मला ठाऊक नव्हतं.

तेव्हा आता एवढंच विचारते: दांडे बसले की तो माणूस दुपारी कुठे जाणार? हे तुझ्या कुठल्या रकान्यात येतं?

घसरगुंडीला तेल घालायला हवं, अशी तक्रारही तुमची संस्था घेते का? फार करकरते.

यशोधनचं राहू दे. चणे खाणारा माणूस वाईट नसतो. पण तो आमच्या बागेत नेमका किती वाजता येतो? आणि कुठल्या फाटकानं?

आशीर्वाद.
सरोजिनीआत्या

~

लालबाग
५ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

पहिल्यांदा कबुली, मग बाकीचं. माझी चूक झाली आहे आणि ती लोखंडाची आहे.

दांडे एकोणतीस तारखेला बसले. तो माणूस त्या दिवशी आला, सात नंबरच्या बाकासमोर उभा राहिला, दांड्याला हात लावून पाहिला आणि निघून गेला. त्यानंतर आला नाही. मी फॉर्म भरत राहिले. नवव्या रकान्यात शून्य. आधी दुपारी आठ-नऊ बायका बसलेल्या असायच्या, आता दोन-तीनच दिसतात. परीक्षा जवळ आल्या म्हणून असेल.

सोमवारी बाग झाडणाऱ्या मीराबाई माझ्यापुढे येऊन खराटा टेकून उभ्या राहिल्या. वीस वर्षं त्या ही बाग झाडतात. माझ्याशी कधी बोलल्या नव्हत्या. म्हणाल्या, “गो चेडवा, तू त्या लवूक कित्याक बघीत ऱ्हवतंस?” त्याच्याकडे का बघत राहतेस, एवढं विचारून मग सगळं सांगितलं. त्या माणसाचं नाव लवू परब. वडील इथल्याच गिरणीत होते. तो स्वतः एका ऑफिसच्या इमारतीत रात्रपाळीचा वॉचमन आहे. घर म्हणजे चाळीतली एक खोली. मुलगा घरून काम करतो, दिवसभर त्याच्या मीटिंगा चालू असतात आणि त्या कॅमेऱ्यात मागे बाबा झोपलेले दिसतात. साहेबानं एकदा विचारलं, तुझ्याकडे कुणी आजारी आहे का? तेव्हापासून लवू दुपारी बागेत येतो. चार वर्षं झाली.

आता कुठे असतो, विचारलं. तर म्हणे नाक्यावरच्या बसस्टॉपवर.

मी गेले. गॅलरीतल्या शाळेचा दुसरा धडा, अनोळखी पुरुषाशी आपण होऊन बोलायचं नाही, हा वाटेत चारदा म्हटला. बसस्टॉपवर ती गोल नळी असते ना, जिच्यावर बसलं तरी उभं असल्यासारखंच वाटतं, तिच्यावर तो बसला होता. मी दुसऱ्या टोकाला बसले. तीन बस गेल्या. त्यानं एकही पकडली नाही, मीही नाही. मी सूचनाफलक वाचत होते, तो स्वतःच्या चपलांकडे पाहत होता. चौथी बस गेल्यावर तोच म्हणाला, “मॅडम, आज दुधी नाही आणला?”

आत्या, त्यानं जे सांगितलं ते मी त्याच्याच शब्दांत लिहिते, कारण माझ्या शब्दांनी एकदा घोटाळा केलेला आहे.

“मला वाटलं, तुम्हाला कंपनीनं पाठवलंय. रात्रपाळीवाला दिवसा दुसरीकडे काम करतो काय, ते तपासायला. म्हटलं, आपण झोपलेले दिसायला पाहिजे. पण कोणी बघत बसलं की झोप येते का मॅडम? अकरा दिवस डोळे मिटून जागा राहिलो. मध्येच एकदा बघितलं तुम्ही गेलात काय, तर तुम्ही लिहीत होतात. आणि तो दुधी. पहिले चार दिवस तोच दुधी. मी घरी सांगितलं, त्यात कॅमेरा असणार.”

म्हणजे मी त्याच्यावर लक्ष ठेवत होते म्हणून त्याला झोप येत नव्हती, आणि त्याला झोप येत नव्हती म्हणून मी लक्ष ठेवत होते.

मला हसू आलं, पण ते फार टिकलं नाही. दांडे बसल्यापासून त्याची झोपच होत नाही. परवा रात्री ड्युटीवर खुर्चीत डोळा लागला आणि सुपरवायझरनं फोटो काढला. लेखी ताकीद मिळाली आहे. आणखी एकदा झोपलेला सापडला तर नोकरी गेली. हे त्यानं मला दोष देत सांगितलं नाही. नळीवर बसून, बस कशा उशिरा येतात, हे सांगावं तसं सांगितलं. त्याचं मला जास्त लागलं.

आमच्या प्रमुख शैलाताईंना मी रडत म्हटलं, माझ्या त्या अकरा नोंदी रद्द करा. त्या म्हणाल्या, भरलेला फॉर्म बदलता येत नाही, नवा जोडता येतो. समितीची पुढची बैठक सोळा तारखेला आहे. तोपर्यंत काय करू? फॉर्म हरवला, असं सांगू का? मी आयुष्यात काही हरवलेलं नाही, त्यामुळे लोक विश्वास ठेवतील.

तुझी
इरा

~

गिरगाव
८ फेब्रुवारी

चिरंजीव इरा,

कार्डावर लिहिते आहे, घाई आहे.

काही हरवायचं नाही. हरवलेल्या टपालाचा शाप सात पिढ्या लागतो. अर्धी चूक माझी आहे, तेवढी माझ्याकडे ठेव, तू एकटी वाहू नकोस.

तू स्वतःच लिहिलंस, की आधी नऊ बायका असायच्या आणि आता दोन-तीन. आणि त्यावरून पुढे निघून गेलीस. जानेवारीअखेरीला कुणाच्या परीक्षा असतात? त्या बायका का येत नाहीत, ते त्यांना विचार. बायकांशी बोलायला तर कुठल्याच धड्याची आडकाठी नाही.

चार वाजत आले. थांबते.

स. आत्या

~

लालबाग
१३ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

या पत्रात दोन गोष्टी आहेत. पहिली लिहिताना मी शांत आहे, दुसरी लिहिताना नसेन.

पहिली. मी बायकांना विचारलं. ललिताताई नातवाला घेऊन यायच्या, आता त्या बागेबाहेर वडापावच्या गाडीशेजारी उभ्या असतात. म्हणाल्या, दुपारी ती बाग सुनी पडली, कोण बसेल तिथे? मी म्हटलं, पण तो संशयास्पद माणूस तर आता येत नाही. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं तू मी नऊ साते बासष्ट म्हटल्यावर पाहायचीस.

“अगो, लवूदादा होता म्हणून तर आम्ही बसायचो.”

“पण तो झोपलेला असायचा.”

“झोपलेला का असेना, वॉचमनच ना तो. हाक मारली तर उठला असता.”

सहा बायकांना विचारलं. सहाही जणी थोड्याफार फरकानं हेच म्हणाल्या. एकीनं तर सांगितलं, की त्याच्या झोपेकडे बघून तिला धीर यायचा: एवढा मोठा बाप्या निर्धास्त झोपलाय, म्हणजे जागा बरी असणार. मी सगळं तारीखवार लिहून काढलं आहे. आता बैठकीत बोलायचं, म्हणून नम्रतासमोर दोनदा वाचून पाहिलं.

दुसरी. सगळ्या बागांचे फॉर्म एकत्र करायचं काम आज माझ्याकडे आलं. गिरगावच्या मुलांच्या बागेचा फॉर्म यशोधनचा. त्याचा नववा रकाना जसाच्या तसा उतरवते.

‘वृद्ध महिला, वय सत्तरच्या पुढे. रोज ४ ते ६. सोबत मूल नाही. स्वतःची घडीची खुर्ची घेऊन येते, हिरव्या पट्ट्यांची, एक पट्टी तुटून लाल दोरी बांधलेली. लहान मुलांना एकेकट्याला जवळ बोलावते, कानात काही विचारते आणि हातात काहीतरी देते. ते मुलं लगेच तोंडात टाकतात. नाव विचारले असता सांगितले नाही, उलट माझे नाव, गाव व शिक्षण विचारले. मला पाहताच मागच्या फाटकाने निघून जाते. चाल वेगवान.’

आत्या, ती लाल दोरी मी बांधली होती. बारावीच्या सुट्टीत.

गुडघा. गॅलरीपलीकडे जात नाही. चार ते सहा पडलेली असते. घसरगुंडी करकरते. यशोधन उंच आहे का, चष्मा लावतो का, कुठल्या फाटकानं येतो. आणि मी समजत होते, तू माझ्यासाठी स्थळ बघते आहेस.

तिथल्या समितीनं हा फॉर्म वाचून ठरवलंय, की सोमवारी बोर्ड लावायचा: ‘सोबत मूल नसलेल्या प्रौढांना प्रवेश नाही.’ मी यशोधनला, ती माझी आत्या आहे, असं सांगितलं. त्याच्या हातातले चणे सांडले. पण भरलेला फॉर्म बदलता येत नाही.

तू मला का सांगितलं नाहीस?

इरा

~

गिरगाव
२० फेब्रुवारी

चिरंजीव इरा,

गुडघा दुखतो हे खरं आहे. दुखतो म्हणून तर खुर्ची नेते. बाकीचं खोटं होतं.

का सांगितलं नाही ते लिहायला मला दोन कागद फाडावे लागले. तुला मी चौथीपर्यंत घरी ठेवलं. सगळ्यांना सांगितलं, शाळा चांगली नाही. शाळा चांगली होती. मला रस्ता ओलांडून तुला सोडायची भीती वाटायची. स्वतःची भीती मी तुला धडे म्हणून शिकवली, पहिला आणि दुसरा. आणि आता एकाहत्तराव्या वर्षी मी स्वतः विनाकारण बागेत जाऊन बसते, मला ते आवडतं, हे माझ्या एकुलत्या एका विद्यार्थिनीला कोणत्या तोंडानं सांगू?

अगदीच विनाकारण बसवलं नाही, म्हणून मुलांना पाढे विचारायला लागले. बरोबर आला की खडीसाखरेचा एक खडा. तो माझा दुधी समज. पूर्वी नावाची एक आहे, सतराचा पाढा उलटा म्हणते. मनू म्हणून एक आहे, त्याला काहीच येत नाही, पण खडीसाखर मागण्याची त्याची पद्धत इतकी सुसंस्कृत आहे की नाही म्हणवत नाही. कानात विचारते, कारण मोठ्यानं विचारलं की बाकीचे उत्तर चोरतात. तुझ्या यशोधनला नाव सांगितलं नाही, कारण विचारणाऱ्यानं आधी आपलं सांगायचं असतं. पळाले, हे खरं. तो वही घेऊन यायचा आणि बघत बसायचा. त्याच्यापुढे मला तेराचासुद्धा आठवेना.

तुझा लवू परब मला तेव्हा कळला.

बोर्ड सतरा तारखेला लागला. निळा आहे, अक्षर बरं आहे. मी फाटकाबाहेरून वाचला आणि परत आले. पायऱ्या चढताना गुडघा खरोखर दुखला. दुसऱ्या दिवशी चार वाजता दार वाजलं. दारात पूर्वी, तिच्यामागे मनू आणि आणखी चौघं. पूर्वी म्हणाली, “आजी, चला. बोर्डावर लिहिलंय, सोबत मूल पाहिजे. आम्ही सहा आहोत.” खुर्ची मनूनं उचलली, ती त्याच्यापेक्षा उंच आहे. फाटकावरच्या माणसानं विचारलं, आजी कुणाबरोबर आहेत? सहाही जणांनी हात वर केले. आता रोज चारला मला न्यायला येतात, शाळेच्या मुलीसारखं. जिना उतरताना पूर्वी माझं बोट धरते. रस्ता ओलांडताना म्हणते, आधी उजवीकडे बघा.

यशोधनला राग नाही म्हणून सांग. त्यानं दिसलं तेच लिहिलं, तुझ्यापेक्षा नीट लिहिलं. ‘चाल वेगवान’ हे विशेष आवडलं.

गॅलरीतल्या शाळेचे पहिले दोन धडे मी रद्द करते आहे. नवा गृहपाठ देते: बागेत एक तास बस. वही नको, पिशवी नको, दुधी नको, सुरण नको. काय झालं ते कळव. बैठकीचंही.

आशीर्वाद.
तुझी
सरोआत्या

~

लालबाग
४ मार्च

प्रिय आत्या,

दांडे निघाल्याशिवाय तुला लिहायचं नाही, असं ठरवलं होतं. काल निघाले. चौदापैकी तीन बाकांचे.

बैठकीत मी आधी एक नवा फॉर्म वाचला. नववा रकाना: ‘तरुण महिला, वय पंचवीस. रोज ३ ते ६. अकरा दिवस एकाच व्यक्तीकडे टक लावून पाहते. जवळ वही व भाजी. भाजी बदलत नाही.’ हितेंद्रांनी शिट्टीला हात घातला आणि विचारलं, कोण ही? मी म्हटलं, मी. मग आकडे वाचले. लवू परब असताना बसलेल्या बायका नऊ, गेल्यावर तीन. ललिताताईंचं आणि इतर पाच जणींचं म्हणणं वाचलं.

हितेंद्र वाईट माणूस नाहीत. खरंच काळजी करतात. विचार करून म्हणाले, मग बायकांसाठी कुंपण घालून वेगळा कोपरा करू. तेवढ्यात मागून ललिताताई बोलल्या, त्यांना मी नुसतं साक्षीला म्हणून आणलं होतं: “कुंपण कशाला? कुंपणाच्या आत कोण झोपणार? लवूदादाला आणा. आणि ते दांडे काढा, माझी नि माझ्या जावेची एका बाकावर सोय होत नाही.”

आत्या, माझे दोन आठवड्यांचे आकडे एका बाजूला आणि ललिताताईंची जाऊ एका बाजूला. निर्णय कशानं झाला, ते मी सांगणार नाही. सहा, सात आणि आठ नंबरचे बाक प्रायोगिक तत्त्वावर मोकळे करायचं ठरलं. नवव्या रकान्याचं मी शैलाताईंना लेखी विचारलं, की वर्णनाआधी ‘त्या व्यक्तीशी बोललात का?’ असा एक प्रश्न घालता येईल का. त्या म्हणाल्या, पुढच्या छपाईत बघू.

मधल्या काळात लवू परबांनी रात्रपाळी कशी काढली, तर मीराबाईंनी आपल्या अवजारांच्या खोलीत दुपारी त्यांना गोणपाटावर झोपू दिलं. खराटे आणि नळ्यांच्या मध्ये. हे कुठल्याच फॉर्ममध्ये नव्हतं, कारण मी तिकडे कधी पाहिलं नव्हतं. आजवर दुसरी ताकीद आलेली नाही.

काल वेल्डर येऊन गेला. कापल्या जागी लोखंडाची टोकं राहिली होती, ती कुणाला लागतील म्हणून मी कानशीनं घासत बसले होते. मीराबाईंनी कानस काढून घेतली आणि म्हणाल्या, आता उठ आणि नुसती बस.

म्हणून आज मी गृहपाठ केला. अडीच वाजता सहा नंबरच्या बाकावर बसले. हात रिकामे. पहिली दहा मिनिटं ते कुठे ठेवायचे तेच कळेना. आधी मांडीवर ठेवले, मग घडी घातली, मग वाटलं की घडी घातल्यामुळे मी रागावलेली दिसत असेन. कुणी प्रश्न विचारला नाही. सात नंबरवर लवू परब आले, माझ्याकडे नीट पाहिलं, पिशवी नाही याची खात्री केली, आणि आडवे झाले. पलीकडे ललिताताई आणि जाऊबाई भांडत होत्या. मी बायका मोजायला लागले, पाचावर थांबले. गृहपाठात मोजणं नव्हतं.

त्यानंतरचं मला आठवत नाही.

कुणीतरी बाकावर टकटक केलं तेव्हा जाग आली. मी बाकावर पूर्ण आडवी झाले होते, आत्या, चप्पल उशाला घेऊन. लवू परब आपल्या बाकावर ताठ बसले होते.

“मॅडम, साडेपाच झाले. मी आता घरी जाऊन ड्युटीचं आवरतो, म्हणून उठवलं.”

मी विचारलं, तुम्ही झोपला नाहीत?

“तुम्ही झोपलात ना. म्हटलं, एकानं तरी जागं राहायला पाहिजे.”

म्हणजे आजचीही त्यांची झोप माझ्यामुळेच गेली. मी इतक्यांदा माफी मागितली, की शेवटी त्यांनीच हात वर केला आणि म्हणाले, “असू दे मॅडम, आज मीराबाईकडे सकाळीच डोळा लागला होता. उद्या पाळी तुमची. फक्त वही आणू नका.”

तेव्हा उद्या गिरगावला येणार होते, ते परवा येईन, चार वाजता. मलाही न्यायला सांग, सहा जण आहेत, तेवढ्यांत दोन प्रौढ सहज बसतील. उद्या दुपारी पावणेतीन ते साडेपाच मला बागेत काम आहे. हात रिकामे असतील.

तुझी
इरा